शेवटची सोबत

जन्माच्या वेळीं घर माणसांनीं भरलेलें असावें असें आपणां सर्वांस वाटतें, आणि मरणाच्या वेळींही तें रिकामें असूं नये असेंच वाटतें. पहिल्या प्रसंगाची तयारी आपल्या घरांतून महिनोन् महिने चाललेली असते. दवाखाना ठरतो, दुपटीं-झबलीं शिवलीं जातात, पहिले चार दिवस कोणीं यावयाचें आणि पुढें कोणीं राहावयाचें याचा हिशेब माजघरांत पक्का होतो. दुसऱ्या प्रसंगाची तयारी मात्र अशुभ मानून कोणी करीत नाहीं. परिणाम असा होतो कीं, तो प्रसंग दारांत येऊन उभा राहिला म्हणजे माणसें पुष्कळ जमतात, परंतु सोबत अशी कोणाचीच घडत नाहीं. जमणें आणि सोबत करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट शिकावी लागते, एवढेंच आम्हांस या महिन्यांत सांगावयाचें आहे. विषय गोड नाहीं. परंतु जी वेळ प्रत्येक घरावर येणारच, तिला कुटुंबाच्या मासिकांत जागा नसेल तर ती कोठें असावी?

नांदेडच्या वाचकांस या बाबतींत एक थोर उदाहरण अगदीं उंबऱ्याशीं आहे. गुरु गोविंदसिंग हे इ. स. १७०८ मध्यें बहादूरशहा बादशहाबरोबर दक्षिणेंत आले आणि गोदातीरीं नांदेडास त्यांचा मुक्काम पडला. तेथेंच त्यांच्यावर मारेकऱ्यानें शस्त्र चालविलें. बादशहानें शस्त्रवैद्य पाठविला, जखम शिवली, ती भरूंही लागली, परंतु पुढें पुन्हां उसवली, असें शीख परंपरा सांगते. ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं ते गेले. गुरूंचे चारही पुत्र पूर्वींच गेलेले होते. तेव्हां शिष्यांपुढें प्रश्न होता तो हाच कीं, आपणांमागें आम्हीं कोणाकडे पाहावें? गुरूंनीं तो प्रश्न टाळला नाहीं. यापुढें देहधारी गुरु नाहीं, ग्रंथसाहेब हाच गुरु, असा निर्णय त्यांनीं दिला. आणि तीन शतकें लोटलीं तरी एका मोठ्या समाजाचें जीवन त्या निर्णयावर उभें आहे. आज जेथें सचखंड हजूर साहिब आहे, ती ही जागा.

थोरांच्या चरित्रांतली ही गोष्ट सामान्य घरास लागू नाहीं असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. जाणाऱ्या माणसापाशीं कांहीं काम उरलेलें असतें. तें पंथाएवढें मोठें नसेल. शेताच्या तुकड्याबद्दल असेल, धाकट्या भावाशीं वीस वर्षें बंद असलेल्या बोलण्याबद्दल असेल, एखाद्या विधवा बहिणीच्या पुढच्या व्यवस्थेबद्दल असेल. हें काम उरकण्यास त्यास अवसर देणें आणि त्याच्या देहास शक्य तितकें स्वास्थ्य देणें, या दोन गोष्टींस आम्ही सोबत म्हणतों. त्याच्या खाटेभोंवतीं उभे राहून आपल्या मनाचें ओझें हलकें करून घेणें ही सोबत नव्हे.

आपल्याकडे प्रत्यक्षांत काय घडतें तें पाहावें. आजार गंभीर आहे असें कळतांच मोबाईलवरून बातमी लातुराहून पुण्यास आणि पुण्याहून पार अमेरिकेपर्यंत जाते. सकाळपासून मंडळी येऊं लागतात. प्रत्येक जण उशापाशीं वांकून मोठ्यानें विचारतो, "काका, मला ओळखलें का?" ज्यास श्वास घेणें हेंच काम झालें आहे, त्या माणसाची ही परीक्षा दिवसांतून वीस वेळां होते. मग मंडळी ओसरीवर बसतात, चहा होतो, कोणत्या डॉक्टरनें काय चूक केली याची चर्चा होते, आणि ती चर्चा भिंतीपलीकडे ऐकूं जाते. दिवे लागले म्हणजे सर्वांस आपापलीं कामें आठवतात. रात्रीं दोन वाजतां जेव्हां रोग्याचा घसा कोरडा पडतो आणि भीति सर्वांत अधिक वाटते, तेव्हां जागी असते ती एकटी सून. आणि तिलाच पुन्हां पहांटे पाहुण्यांच्या चहाचें आधण ठेवावयाचें असतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें भाग आहे. मोठ्या कुटुंबांत सेवेची वांटणी होते असें आपण अभिमानानें म्हणतों; परंतु पुष्कळ घरीं पुरुषांच्या वांट्यास भेटणें येतें आणि स्त्रियांच्या वांट्यास उचलणें, पुसणें व जागणें येतें. वडिलांस कुशीवर वळविण्याचें काम मुलास येऊं नये हें भूषण नाहीं. एक साधी वही घ्यावी, दिवसाचे चार भाग करावे, आणि प्रत्येक भागापुढें एक नांव लिहावें. त्यांत मुलगे, पुतणे, जांवई आणि कॉलेजांत जाणारे नातूही असावे. रात्रीच्या पाळीस दोघें असावींत, म्हणजे एकास डोळा लागला तरी दुसरें जागें राहतें. ज्याची पाळी नसेल त्यानें झोंपावें आणि त्याबद्दल मनास लावून घेऊं नये.

पाळीनें केलेली सेवा कोरडी असते असा कोणाचा समज असेल तर त्यांनीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे पाहावें. तेथें परिचारिका असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं रुग्णालयांतच अमानुष हल्ला झाला आणि मेंदूस झालेल्या इजेमुळें त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजीं त्या वारल्या. मधल्या एकेचाळीस वर्षांत त्यांच्यासाठीं जागल्या त्या तेथील परिचारिका. ज्यांनीं त्यांस पाहिलें होतें त्या निवृत्त झाल्या, आणि ज्यांनीं त्यांस कधीं चालतां-बोलतां पाहिलें नव्हतें अशा नव्या मुलींनीं तें काम पुढें उचललें. २०११ मध्यें त्यांचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, तेव्हां इतकीं वर्षें अंथरुणांत काढूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण नाहीं, ही गोष्ट न्यायालयापुढें मांडली गेली. नात्याच्या नव्हेत अशा बायकांनीं वेळापत्रक लावून केलेली ही माया आहे. नात्याच्या माणसांस ती जड कां जावी?

आतां बोलण्याविषयीं. रोग्यास खरें सांगावें कीं न सांगावें, हा वाद घरोघरीं होतो आणि बहुधा न सांगण्याच्या बाजूनेंच निकाल लागतो. हेतु प्रेमाचाच असतो, यांत शंका नाहीं. परंतु मनुष्यास आपली अवस्था बहुतेक वेळां कळलेलीच असते. त्यास कळलें आहे हें घरच्यांस कळत नाहीं, आणि घरच्यांस माहीत आहे हें आपणांस कळलें, असें तो दाखवीत नाहीं. मग दोन्ही बाजूंनीं हंसून "आतां बरें वाटतें" असें म्हणण्याचें नाटक सुरू होतें, आणि त्या नाटकांत शेवटचे बोलण्याजोगे दिवस निघून जातात. त्यानें न विचारतां त्याच्या कानांत निदान ओतावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यानें विचारलें तर खोटें बोलूं नये. "अण्णा, तुमच्या मनांत कांहीं राहिलें आहे का?" एवढें शांतपणें विचारून गप्प बसावें. उत्तर त्या दिवशीं आलें नाहीं तर दुसऱ्या दिवशीं येतें. रोग्यानें निरवानिरवीचा विषय काढला म्हणजे आपण "भलतेंच काय बोलतां!" असें म्हणून त्याचें तोंड बंद करतों. त्यापरतें दुसरें एकटें टाकणें नाहीं.

या बोलण्यांत मित्रांची जागा मोठी आहे, आणि आपल्या घरांतून तीच बहुधा हुकते. घरच्यांच्या दृष्टीनें तो मनुष्य आतां केवळ रोगी झालेला असतो. जुना मित्र येतो तो शाळेंतल्या फजितीची आठवण घेऊन, दत्तजयंतीस माहूरचा गड चढतांना झालेल्या दमछाकीची गोष्ट घेऊन. आणि घटकाभर तो रोगी पुन्हां माणूस होतो. असा एक मित्र दहा मिनिटें येऊन बसला तर त्यास नातेवाईकांच्या गर्दींतून वाट करून द्यावी. मित्रांनींही लक्षांत ठेवावें कीं, बोलण्यास सुचत नाहीं म्हणून जाणें टाळूं नये. हात हातांत घेऊन मुकाट्यानें बसलें तरी पुरतें. मुलांसही दूर ठेवूं नये. नातवंडाच्या पायांचा आवाज घरांत असावा. त्यास काय होत आहे तें साध्या शब्दांत सांगावें, आणि त्यास जेवढा वेळ जवळ बसवेल तेवढाच वेळ बसूं द्यावें.

देहाच्या सेवेंत प्रेमाच्या भरांत कांहीं चुका होतात, त्यांची ओळख असावी. शेवटच्या दिवसांत भूक जाते. देह मिटूं लागला म्हणून अन्न नको होतें, अन्न नको झालें म्हणून देह मिटतो असें नव्हे. अशा वेळीं चमच्यानें बळेंच पेज घातली तर ती श्वासनलिकेंत जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षां ओलसर कापडानें ओंठ व जीभ पुसावी, ओंठांस थोडें तूप लावावें. डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या सल्ल्यानें दर दोन-तीन तासांनीं कूस बदलावी. अखेरच्या तासांत श्वास कांहीं वेळ थांबतो व पुन्हां सुरू होतो, घशांत घरघर होते. ऐकणाऱ्यास ती भयंकर वाटते, परंतु बेशुद्धींत असलेल्या माणसास तिचा त्रास बहुधा होत नाहीं, असें वैद्यक सांगतें. ऐकूं येण्याची शक्ति मात्र पुष्कळ उशिरापर्यंत राहत असावी. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२० मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, प्रतिसाद देईनाशा झालेल्या कांहीं मरणासन्न रुग्णांचा मेंदू आवाजांस अजून दाद देत होता असें आढळलें. तेव्हां विष्णुसहस्रनाम म्हणावयाचें तर तें त्याच्यासाठीं म्हणावें, हलक्या आवाजांत आणि त्यास आवडत असेल तर. आणि वांटणीच्या गोष्टी त्या खोलींत काढूं नयेत.

आपल्या रूढींबद्दलही दोन शब्द लिहितों. तुळशीपत्र आणि गंगोदक तोंडांत घालण्याची चाल कोमल आहे. गोदाकांठच्या घरीं तर गंगा परसदारींच वाहते. परंतु बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पळीपळीनें पाणी घालणें हें पुण्य नव्हे. ओंठास बोट लावलें तरी भाव पोहोंचतो. दर्भ पसरून भूमीवर घेण्याची घाईही तशीच. हाडांत वेदना भरलेल्या माणसास दोन दिवस आधीं उचलून थंड फरशीवर निजविणें हें शास्त्राच्या नांवाखालीं होत असलें तरी त्याच्या देहावर अत्याचारच आहे. ज्या आचाराचा हेतु जाणाऱ्याची सद्गति हा आहे, त्यानें जातांजातां त्यास पीडा कां द्यावी?

वेदनेचा विषय आला म्हणून सांगतों. कर्करोगासारख्या आजारांत शेवटचीं दुखणीं सोसलींच पाहिजेत, असा समज अजून पुष्कळ घरीं आहे. तो खरा नाहीं. लंडन येथें सिसिली साँडर्स या विदुषीनें १९६७ मध्यें सेंट ख्रिस्तोफर्स हें मरणासन्नांचें शुश्रूषागृह उघडलें. त्या आधीं परिचारिका होत्या, मग डॉक्टर झाल्या. वेदना नियमित वेळीं औषध देऊन आधींच आवरावी, ती उसळण्याची वाट पाहूं नये, हें त्यांनीं जगास शिकविलें. मुंबईंत १९८६ मध्यें शांति आवेदना सदन निघालें. केरळांत कोळिकोड येथें १९९३ मध्यें काम सुरू झालें आणि पुढें तेथें शेजारपाजारचे साधे लोकच शिकून घरोघर जाऊं लागले. या उपचारांतलें एक मुख्य औषध मॉर्फीन. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळें तें रुग्णांस मिळणें फार कठीण झालें होतें. २०१४ मध्यें संसदेनें कायदा दुरुस्त करून वाट पुष्कळ मोकळी केली. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं वेदनेसाठीं घेतलेल्या मॉर्फीननें व्यसन लागेल, ही भीति अशा रुग्णाच्या बाबतींत व्यर्थ आहे. "यांचें दुखणें थांबविण्यासाठीं काय करतां येईल?" हा प्रश्न डॉक्टरांस निःसंकोच विचारावा. "बरे होतील का?" या प्रश्नाचें उत्तर नाहीं असें आलें म्हणजे सर्वच उपचार संपले असें होत नाहीं.

यापुढचा प्रश्न मोठा अवघड: घरीं ठेवावें कीं दूर न्यावें? निजामी राज्यापासूनच नांदेड-लातूरच्या लोकांस कठीण दुखण्यांत हैदराबाद आठवतें. पुढें सोलापूर, पुणें, मुंबई यांची भर पडली. आतां आपल्या भागांतही सोयी वाढल्या आहेत. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. लातुरांत डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६६ मध्यें सुरू केलेल्या विवेकानंद रुग्णालयाच्या कार्यांत आज कर्करोगावरील उपचारही मोडतात. बरें होण्याची आशा असेल तेथवर कितीही दूर न्यावें. लातूरच्या बाभळगांवचे विलासराव देशमुख यांस शेवटीं चेन्नईस नेलें होतें आणि १४ ऑगस्ट २०१२ रोजीं ते तेथेंच गेले. आशेचा धागा असतांना असें करणें योग्यच. परंतु आशा नाहीं हें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितल्यावरही, "आम्हीं कांहीं कमी पडूं दिलें नाहीं" हें चारचौघांस दाखविण्यासाठीं वृद्ध माणसास तीनशे किलोमीटर हलविणें आणि अतिदक्षता विभागाच्या कांचेमागें ठेवणें, हें कोणाच्या समाधानासाठीं? पुष्कळदां हा आग्रह दूर देशीं राहणाऱ्या मुलाचा असतो. वर्षानुवर्षें जवळ नसल्याची टोंचणी तो यंत्रांनीं भरून काढूं पाहतो. त्यास दोष देऊं नये. परंतु जो रोज पाणी पाजतो त्याचा शब्द अशा वेळीं अधिक वजनाचा मानावा, आणि सर्वांहून अधिक वजनाचा स्वतः रोग्याचा.

रोग्याचा शब्द आतां कायद्यासही मान्य आहे. ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, सन्मानानें मरणें हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवळ मरण लांबविणारे उपचार मला नकोत असें मनुष्यास शुद्धींत असतांना लिहून ठेवतां येतें. जानेवारी २०२३ मध्यें ही रीत न्यायालयानें सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून लेख प्रमाणित करून घेतला म्हणजे झालें. मृत्युपत्र जसें करतों तसा हाही कागद धडधाकट असतांनाच करावा, आणि तो कोठें ठेवला आहे तें दोघां-तिघांस सांगून ठेवावें. पवनारच्या आश्रमांत विनोबांनीं ८ नोव्हेंबर १९८२ पासून अन्न, पाणी व औषध सोडलें आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशीं, देह ठेवला. तो मार्ग सर्वांचा नव्हे. परंतु जाणाऱ्याची इच्छा आपल्या इच्छेविरुद्ध असतांही त्याच्याजवळ बसून राहणें काय असतें, हें त्या आठवड्यांत त्यांच्या भोंवतालच्यांनीं दाखविलें.

शेवटची सोबत सर्वांच्या नशिबीं नसते, हेंही ध्यानांत असावें. नांदेडचे नरहर कुरुंदकर पन्नाशीही न गाठतां १० फेब्रुवारी १९८२ रोजीं औरंगाबादेस एका कार्यक्रमांत एकाएकीं गेले; घरच्यांस निरोप घेण्यासही अवसर नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपति बोळवून निजलेल्या किल्लारीच्या परिसरांत भूकंपानें जवळजवळ दहा हजार माणसें गेलीं. मातीदगडांच्या भिंतींखालीं कोण कोणास सोबत करणार? आणि २०२० व २०२१ च्या करोनाच्या सांथींत तर माणसें बाहेर उभीं असूनही आंत जाऊं शकलीं नाहींत. कित्येकांचा निरोप परिचारिकेनें धरलेल्या मोबाईलच्या पडद्यावरून झाला, कित्येकांचा तोही नाहीं. ज्या घरांतून असें कोणी गेलें, तीं घरें आजही म्हणतात कीं, एकदां नुसता हात धरावयास मिळाला असता! तेव्हां ज्यांस हा अवसर मिळाला आहे, त्यांनीं तो दगदगींत, दिखाव्यांत किंवा भांडणांत दवडूं नये.

असो. आमच्या वाचकांस एवढेंच सुचवितों कीं, घरांत सर्व मंडळी सुखरूप आहेत अशा एखाद्या संध्याकाळीं, जेवणें झाल्यावर, वडील मंडळींस एक प्रश्न विचारावा: "पुढें कधीं वेळ आलीच, तर तुम्हांस कोठें असावेंसें वाटेल आणि जवळ कोण असावें?" प्रथम कोणी रागावेल, कोणी थट्टा करील. परंतु ज्या आजीनें दहा बाळंतपणें आणि तितकींच मरणें पाहिलीं आहेत, ती पानास चुना लावतां लावतां शांतपणें उत्तर देईल. तें उत्तर लक्षपूर्वक ऐकावें आणि लिहून ठेवावें.